तिसाव्या किलोमीटरच्या पुढे

तिरोड्याची बस चुकली, त्याचं मनोहरलालला काही वाटलं नाही. तिरोड्याला दिवसभर बसगाड्या जातात. एक गेली तर दुसरी येते. पण ती गोंदिया स्टँडच्या फाटकातून बाहेर पडत होती तेव्हा तो तिच्या मागे पळाला होता. कितीतरी वर्षांत तो पळाला नव्हता. हातात मोटारच्या सामानाची पिशवी, पायात चामडी चप्पल, आणि पुढे बसची मागची काच. काचेतून एक बाई त्याच्याकडे बघत होती. बघत होती, पण तिने कंडक्टरला काही सांगितलं नाही. चौकापर्यंत पळून तो रसवंतीच्या बाकाला धरून उभा राहिला. तेव्हा त्याच्यात दमाशिवाय दुसरं काही नव्हतं. छातीत दम, कानात दम, दातांच्या मुळाशी लोखंडासारखी चव. मग दम हळूहळू खाली बसला. रसवंतीवाल्याने विचारलं, पाणी देऊ का बाबूजी. त्याने नको म्हणून मान हलवली, आणि मान हलवता हलवता त्याला आठवलं की दुलारी मेली आहे.

आठवलं, म्हणजे मधे विसरलं होतं. हे ध्यानात आलं तसा तो बाकावर बसला आणि पुढची बसही त्याने जाऊ दिली. बायको जाऊन आठ महिने झाले होते, आणि त्यात असं एकदाही झालं नव्हतं. जागेपणी ती मेलेली असायची, झोपेत मेलेली असायची. दुकानात जळालेल्या पंपाची कॉइल उलगडताना, नवी तार गुंडाळताना, व्हार्निशचा वास नाकात जाताना, गिऱ्हाइकाशी घासाघीस करताना ती मेलेलीच असायची. कोणी विनोद केला आणि तो हसला तर हसण्याच्या खालीही ते असायचं. लोक म्हणत, हळूहळू होईल. हळूहळू काय होईल ते कोणी सांगत नव्हतं. आणि आज फाटकापासून चौकापर्यंत, तेवढ्याच रस्त्यावर, दुलारी मेलेली नव्हती. जिवंतही नव्हती म्हणा. ती गोष्टच नव्हती. नुसता एक माणूस बसच्या मागे पळत होता. त्याला त्या माणसाचा हेवा वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दूधवाला यायच्या आधी, तो घराच्या मागच्या गल्लीत उभा राहिला आणि इकडेतिकडे बघून पळायला लागला. पन्नाशी उलटलेला माणूस, अंगात बनियन आणि दुकानातली पँट. कोपऱ्यावरच्या कुत्र्याला ते पटलं नाही. समोरची निर्मलाबाई अंगणात सडा टाकत होती. तिने बादली खाली ठेवून विचारलं, कोनाले बरं नाही का भाऊ, कोठी चालले पळत. त्याला बोलायला दम नव्हता, आणि दम नव्हता म्हणून तो खूश होता. खूश हा शब्द बरोबर नाही. अंगावरचं ओझं कोणी क्षणभर हातात घेतल्यासारखं झालं एवढंच. गल्ली संपली तिथे त्याच्या बरगडीत कळ आली आणि तो ओणवा झाला. मग श्वास परत आला, आणि त्या श्वासाबरोबर ती बातमी आली. पण गल्ली मिळाली होती. उद्याही मिळणार होती.

दुलारी गेली तेव्हा तिच्या मांडीवर सूप होतं. घरचे तांदूळ निवडत ती स्वयंपाकघराच्या दाराशी बसली होती आणि तो पेपर वाचत होता. ती म्हणाली, अजी, डोक्यात कसंतरी होऊन रायलं. मग तिने सूप मांडीवरून उचललं, एक दाणा सांडू न देता बाजूला ठेवलं, आणि आडवी झाली. एवढंच. दवाखान्यात डॉक्टरने समजावून सांगितलं की डोक्यातली नस फुटली होती. नागपूरला नेलं असतं, मुंबईला नेलं असतं, तरी हेच झालं असतं. मनोहरलालने पुढे कितीतरी दिवस आपली चूक शोधली. मागच्या महिन्यातलं तिचं बोलणं आठवून पाहिलं, ती कधी डोकं धरून बसली होती का, आपण कधी दुर्लक्ष केलं का. काही सापडलं नाही. चूक सापडली असती तर रात्रंदिवस तिला धरून बसता आलं असतं. दोष देता येईल असं कोणी नव्हतं, स्वतःसुद्धा नाही. धरायला काहीच नव्हतं, आणि तरी ते सुटत नव्हतं.

महिनाभराने तो स्टेडियमवर जायला लागला. पोलीस भरतीची पोरं तिथे घोळक्याने पळत. मनोहरलाल कडेकडेने पळायचा आणि पोरं त्याला वळसा घालून जायची. तिथे त्याला शालीकराम भेटला. शालीकराम एसटीतून रिटायर झालेला ड्रायव्हर, साठीच्या पुढचा, काटक, आणि तोंडाचा फाटका. आयुष्यभर बसून राहिलो म्हणून आता उभ्याने मरणार, असं तो म्हणायचा. नागपूरची बेचाळीस किलोमीटरची मॅरेथॉन त्याने दोन वेळा पुरी केली होती आणि ते तो ओळख होण्याच्या आधी सांगत असे. त्याने दोन दिवस मनोहरलालला पळताना पाहिलं, तिसऱ्या दिवशी त्याच्या बाजूने पळू लागला आणि त्याच्या पायांकडे बघत, आडनावाने हाक मारून म्हणाला, "पटलेजी, कोण्या गावचे तुमी?"

दवनीवाड्याचा, असं मनोहरलालने सांगितलं.

"तरीच. एवढा रुंद ट्रॅक पडला आहे अन् तुमी धुऱ्यावरून चालल्यावानी एका रेषेत पाय टाकून रायले. पाय फाकवा. इथी काही बांधीत नाही पडत तुमी."

मनोहरलालने खाली पाहिलं. खरंच, त्याचा एक पाय दुसऱ्याच्या अगदी समोर पडत होता. बुटाची आतली कड दुसऱ्या पायाच्या घोट्याला घासत होती; दोन्ही मोज्यांवर आतल्या बाजूला रक्ताचा टिळा उमटला होता आणि दोन दिवस त्याला वाटत होतं की बूटच खराब निघाला. त्याने पाय फाकवून पाहिले. लगेच तो झुलायला लागला, दारू प्यायल्यासारखा. पोरं हसली. दहा पावलांनंतर पाय आपोआप परत रेषेवर आले. शालीकरामने त्याला शिव्या घातल्या, ट्रॅकच्या एका पांढऱ्या रेघेच्या दोन्हीकडे एकेक पाय टाकत पळायला लावलं, एकदा तर पुढे होऊन तसं पळून दाखवलं. काही उपयोग झाला नाही. धानाच्या मुलखात जन्मलेला माणूस चालायला शिकतो तो धुऱ्यावर. दोन्हीकडे बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या वाफ्यांमध्ये, पाणी, मधे वीतभर मातीची कड; आषाढात ती साबणासारखी निसरडी. पाय एका रेषेत टाकला नाही तर माणूस चिखलात. गुडघा बाहेरून दुखायला लागला तेव्हा डॉक्टरनेही तेच कारण सांगितलं आणि पट्टा दिला. पट्टा बांधून तो तसाच पळत राहिला.

धुऱ्यावर दोन माणसं बाजूबाजूने चालू शकत नाहीत. हे त्याला माहीत होतंच, पण त्याचा विचार त्याने कधी केला नव्हता. दुकान गोंदियात असलं तरी दवनीवाड्याची शेती होती, आणि लग्न झाल्यापासून दर हंगामात तो आणि दुलारी त्या धुऱ्यांवरून गेले होते. तो पुढे, ती मागे. मागे वळून बघायचं कारण नव्हतं. वळलं तर तोल जातो. ती आहे हे आवाजावरून कळायचं. डब्याच्या झाकणाची टकटक, ओलं लुगडं पायात अडकल्याचा आवाज, आणि तिचं बोलणं. ती बोलायची त्याच्या पाठीशी. मोठ्या सासूचं काय झालं, रविताच्या पोटात कायले दुखून रायलं, या वर्षी चिन्नोर धान लावू नका बाप्पा, वाऱ्यानं लोळते ते. तो हूं म्हणायचा. पुढे शहरात रुंद रस्त्यावरही ते तसेच चालत राहिले. बाजारात, दवाखान्यात, मुलीच्या, रविताच्या, लग्नाच्या वरातीत. लोक म्हणायचे, बायकोला मागे टाकून चालतो. तिला मागे टाकलं असं त्याला कधी वाटलं नाही. उलट ती मागे होती म्हणून तर पुढे चालता येत होतं.

त्याने तिला पहिल्यांदा पाहिलं तेही पाठमोरं. चोरखमाऱ्याच्या तलावाखाली तिच्या बापाची जमीन होती, आणि मुलगी बघायला म्हणून गेलेले लोक रोवणी चालू असल्याने सरळ शेतावर गेले. बांधीत बायका ओळीने वाकल्या होत्या. रोवणी करताना बाई पुढे सरकत नाही, मागे सरकते; लावलेलं तिच्या समोर राहतं आणि पुढचा चिखल तिच्या पाठीमागे. सगळी ओळ हळूहळू मागे मागे सरकत धुऱ्याकडे येत होती, जिथे तो उभा होता. कोणती ती हे त्याला कोणी सांगितलं नाही. एक पाठ सगळ्यांपेक्षा लवकर आली, आणि टाच त्याच्या चपलेला लागली तेव्हा तिने वाकल्या वाकल्याच म्हटलं, "बाजूले सरका ना जी, का तुमच्यावर रोवू?" पळताना हे सगळं आठवायचं. आणि तीच पंचाईत होती. पळताना आता आठवायला लागलं होतं.

हे कधीपासून झालं ते त्याला नीट सांगता आलं नसतं. सुरुवातीला गल्लीभर पळणं पुरायचं. मग स्टेडियमला एक फेरी लागायची, मग चार. अंग शिकत होतं. छाती मोठी होत होती, पोट आत गेलं, कमरेच्या पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं, आणि लोक म्हणू लागले की मनोहरलाल सावरला. पण दम लागायचा बंद झाला तसा डोक्याला रिकामा वेळ मिळायला लागला, आणि त्या रिकाम्या जागेत ती बातमी आधीपेक्षा आरामात येऊन बसू लागली. पाच किलोमीटर झाले तरी ती मेलेलीच. दहा झाले तरी मेलेली. दारुड्याला जशी रोज थोडी जास्त लागते तसं त्याचं झालं होतं. नवशिक्या असताना जे फुकट मिळत होतं, ते आता लांब जाऊनही मिळेना. एके दिवशी बालाघाट रोडने तो इतका लांब गेला की दुकान दुपारी उघडलं, आणि त्या सगळ्या वाटेत त्याला जेमतेम एका चढावर सुटका मिळाली.

नागपूरहून रविताचा फोन यायचा. ती विचारायची, बाबूजी, कायले जिवाला त्रास देऊन राहिले, या इकडे, नातवासोबत बागेत चाला. तो सांगायचा की डॉक्टरने शुगर सांगितली आहे. शुगर त्याला नव्हती. खरं सांगायचं तर काय सांगणार? की तुझी आई मेली नाही अशी एक जागा आहे, आणि ती मला सापडून हरवली?

शालीकरामने ती जागा कुठे आहे ते सांगितलं, आणि तेही मस्करीत. पळणं संपवून ते स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसले होते. शालीकराम बाटलीतून मीठ घातलेली भाताची पेज पीत होता. कंपनीची ती रंगीत पाण्याची पाकिटं त्याला मंजूर नव्हती. पेज मनोहरलालच्या हातात देत तो मॅरेथॉनबद्दल बोलत होता. वीसपर्यंत माणूस आपल्या पायांनी पळतो, तिसापर्यंत हट्टाने पळतो. "तिसाच्या पुढे माणूस राहतच नाही जी," तो म्हणाला. "मागच्या खेपी पाणी देणाऱ्या पोरीनं नाव विचारलं, तर मले नाव आठवेना. छातीवरचा नंबर वाचून दाखवला तिले. घर नाही आठवलं, पेन्शन नाही, बायकोसुद्धा नाही. एवढं सुख चाळीस वर्षांत नव्हतं भेटलं."

बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण कोणाशी बोलतो आहोत. त्याने तोंड फिरवलं, बुटाची लेस सोडली, परत बांधली. मनोहरलालला वाईट वाटलं नव्हतं. त्याने पेजेची बाटली खाली ठेवली आणि विचारलं, "काहीच नाही आठवत?"

"काहीच नाही," शालीकराम हळू आवाजात म्हणाला.

त्या दिवसापासून मनोहरलालने बेचाळीस किलोमीटरचं मनावर घेतलं. डिसेंबरमध्ये शहरातलं एक मंडळ मॅरेथॉन भरवणार होतं. स्टेडियमहून निघायचं, दवनीवाड्याच्या पुढे जाऊन वळायचं आणि त्याच रस्त्याने परत. शालीकरामला आनंद झाला. त्याने ठरवून दिलं तसं मनोहरलाल पळत गेला, कधी थोडं, कधी लांब. गुडघ्याला पट्टा, घोट्यांना आतून चिकटपट्टी. त्याचं कौतुक होऊ लागलं. पंप घेऊन आलेले शेतकरी त्याच्या पोटऱ्या बघून मान हलवायचे. बेचाळीस पुरे करायचे, मेडल घ्यायचं, असं काही त्याच्या मनात नव्हतं. त्याला तिसाच्या पुढे जायचं होतं. तिथे थोडा वेळ राहायचं होतं. परत येणं हा भाग त्याने धरलाच नव्हता, जसं अंथरुणावर पडताना कोणी उठण्याचा विचार करत नाही.

मॅरेथॉनच्या दिवशी थंडी होती. स्टेडियमवर बँडबाजा, फुगे, शाळांची पोरं. बहुतेक सगळे पाच किलोमीटरवाले. बेचाळीसवाले मूठभर, आणि शहर संपेपर्यंत तेही विखुरले. शालीकराम पहिल्या काही किलोमीटरांत पुढे निघून गेला. जाताना ओरडला, पाय फाकवा पटलेजी. धानाची कापणी होऊन गेली होती. बांध्या कोरड्या, पिवळ्या धसाच्या, आणि त्यांच्यामधून धुऱ्यांचं जाळं उघडं पडलेलं. मनोहरलाल एकटा पळत होता. दुलारी मेलेली होती. सात किलोमीटरला मेलेली होती, बारालाही होती. दात किडला की जीभ राहून राहून तिथेच जाते, तसा तो मधून मधून चाचपून बघत होता. आहे का? आहे.

दवनीवाड्यात लोक रस्त्याच्या कडेला उन्हात बसले होते. त्याचा चुलत भाऊ दुर्गाप्रसाद पानठेल्याशी उभा होता. त्याने ओळखलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "काऊन बा मनोहर, कोनी मागं लागलं का?" लोक हसले. मनोहरलालही हसला, हात वर केला आणि पुढे गेला. गावाबाहेर वैनगंगेच्या घाटाकडे जाणारा रस्ता फुटतो. त्या रस्त्याने दुलारीला नेलं होतं. जाळून परत येताना म्हाताऱ्यांनी बजावलं होतं, आता कोणी मागे वळून बघायचं नाही. बाकीच्यांना ते सांभाळावं लागत होतं. त्याला सोपं गेलं. तो आयुष्यभर न वळताच चालला होता. फक्त त्या दिवशी मागून काही आवाज येत नव्हता. आता पळताना त्या फाट्यावर त्याने मान वळवली नाही, आणि थोडं पुढे प्लास्टिकचा पिवळा खांब होता, त्याला वळसा घालून तो उलट फिरला.

परतताना ऊन अंगावर आलं. बावीस, चोवीस. गुडघा पेटला होता. डाव्या मोज्यात ओल जाणवत होती. सव्वीसच्या पाटीशी त्याने पुन्हा चाचपून पाहिलं. आहे. मग मांड्या दगड झाल्या, रस्त्याच्या कडेची झाडं एक एक करून यायला लागली आणि प्रत्येक झाड येऊन जाईपर्यंत तेवढं एकच काम होतं, ते झाड. अठ्ठावीसला त्याने पाहिलं की नाही, ते त्याला कळलं नाही. पाटी आली असेल. त्यानंतर त्याने चाचपणं बंद केलं. कधी केलं तेही त्याच्या ध्यानात आलं नाही. येणार तरी कसं.

ऊन फार झालं होतं. आज जेवायला उशीर होणार होता. दुलारी दोनदा दारापर्यंत येऊन गेली असेल. भात थंड झाला असेल. थंड भात तिला चालतो, त्याला चालत नाही, म्हणून ती पुन्हा गॅस पेटवेल आणि पुटपुटेल की माणसाले घरादाराची आठवण नाही. पुटपुटू दे. हात धुऊन बसलं की झालं. पाय जड का झाले आहेत ते त्याला समजत नव्हतं, पण त्याचं काही वाटत नव्हतं. रस्ता घराकडे जाणारा होता. छाती हलकी होती. कितीतरी दिवसांनी काही म्हणजे काही दुखत नव्हतं, म्हणजे पाय दुखत होते, पण पाय काय, घरी गेल्यावर गरम पाण्यात घातले की उतरतील. तिला सांगावं लागेल फक्त, की उशीर होतो आहे.

मोहाच्या झाडाखाली टेबल होतं, पाण्याचे ड्रम होते आणि नर्सिंग कॉलेजचा पांढरा कोट घातलेली एक मुलगी होती. टीना असं तिच्या छातीवरच्या बिल्ल्यावर लिहिलं होतं. तिने त्याला बघितलं आणि धावत येऊन दंडाला धरलं. खुर्चीवर बसवलं. त्याच्या मोज्यांकडे बघून तिने मैत्रिणीला हाक मारली. नाव काय, म्हणून विचारलं. त्याने सांगितलं. कुठे राहता, तेही सांगितलं. घरी कोण आहे काका?

"बायको आहे ना," तो म्हणाला.

नंबर आठवतो का तिचा? त्याने नंबर धडधडा सांगितला, दुकानातून रोज लावायचा तो. टीनाने मोबाइल कानाला लावला. बराच वेळ घंटी वाजली. मग टीना बोलू लागली, काकू, घाबरू नका, मॅरेथॉनमधून बोलते आहे, तुमचे मिस्टर इथे बसले आहेत, जरा थकवा आहे, बाकी काही नाही, बोला त्यांच्याशी. आणि तिने मोबाइल त्याच्या हातात दिला.

"आयक," मनोहरलाल म्हणाला. "मले उशीर होऊन रायला. माझी वाट नको पाहू. तू जेवून घे."

पलीकडून श्वास घेतल्याचा आवाज आला, आणि घेतलेला श्वास तसाच राहिला. मग एक बाई म्हणाली, "हो. जेवून घेते."

तो ऐकत राहिला. आवाज ओळखीचा होता, तसाच होता. पण इतक्या वर्षांत तू जेवून घे म्हटल्यावर दुलारी एकदाही हो म्हणाली नव्हती. ती म्हणायची, मले भूक नाही. म्हणायची, या तुमी, मग पाहू. म्हणायची, मी का मरून रायली जेवणासाठी? दर वेळी भांडायची, आणि तो पोहोचेपर्यंत ताट वाढून झाकून, पाण्याचा तांब्या भरून, न जेवता बसून राहायची. सरळ हो म्हणणारी बाई दुलारी नव्हती. तेव्हा त्याला समजलं. तो नंबर रविताने आपल्या मोबाइलमध्ये घालून घेतला होता, गॅसचे आणि बँकेचे निरोप त्यावर येत म्हणून. त्यानेच ते सिम काढून तिच्या हातात दिलं होतं. दुलारी मेली होती. दीड वर्षापूर्वी दवाखान्यात हे सांगितलं तेव्हा त्याला धड ऐकताही आलं नव्हतं. लोकांनी खांदे धरले होते, गाडी बोलवायची होती, गावी कळवायचं होतं, लाकडं बघायची होती, माणूस कामाला जुंपला गेला होता. आता काही काम नव्हतं. एक प्लास्टिकची खुर्ची होती, मोकळा रस्ता होता, आणि ही बातमी पहिल्यांदा त्याच्याकडे एकटी आली होती. शालीकरामने हे सांगितलं नव्हतं. त्याला ठाऊक नसणार. तो तिसाच्या पुढे सगळं विसरून घरी गेला तेव्हा त्याची बायको घरी होती.

रविताने फोन ठेवला नव्हता. तिचा श्वास ऐकू येत होता. त्याने तिला नावाने हाक मारली नाही आणि ती बाबूजी म्हणाली नाही. मग कधीतरी त्याचा हात खाली आला आणि टीनाने मोबाइल काढून घेतला. गाडी येते आहे काका, ती म्हणाली. उरलेल्यांना उचलायला आयोजकांची गाडी फिरत होती. दूरवर ती दिसतही होती. मनोहरलालने रस्त्याकडे बघितलं. त्या रस्त्यावर आपण पुन्हा कधी पळणार नाही हे त्याला दिसत होतं. त्या जागी जाऊन येणं त्याला आणखी एकदा झेपणार नव्हतं. आणि न पळता राहायचं म्हणजे उद्या सकाळ होणार होती, परवाही होणार होती.

टीना त्याचे बूट काढायला खाली बसली होती. त्याला बोलतं ठेवावं असं तिला शिकवलेलं असावं. तिने वर बघून विचारलं, "काय म्हणाल्या काकू?"

"जेवून घेते म्हणाली," तो म्हणाला.